बदल केलेली जुनी स्पोर्ट्स मोटार : किंमत रंगात नाही, पत्र्यात आणि कागदात

जुनी स्पोर्ट्स मोटार दुरुस्त करून विकण्याचा धंदा बाहेरून मोठा चकचकीत दिसतो. मोडकी गाडी स्वस्तात घ्यावी, रंग मारावा आणि हौशी गिऱ्हाइकाला चांगल्या भावात द्यावी, असा सरळ हिशोब अनेक जण मांडतात. या हिशोबावर विसंबून भांडवल अडकवून बसलेली माणसेही कमी नाहीत. त्यातून आधीच्या मालकाने आपल्या हौसेप्रमाणे इंजिन, चाके किंवा बंपर बदललेले असतील, तर भाव ठरवणे अधिकच अवघड होते.

आपल्या समाजातील कितीतरी घरे डेंटिंग, वेल्डिंग, रंगकाम आणि सीट-हूडच्या हुनरावर चालतात. सुट्या भागांचा व्यापार करणारेही पुष्कळ आहेत. त्यांना उपयोगी पडावे म्हणून अशा गाडीची किंमत कशात असते आणि कशात बुडते, हे आम्ही येथे एका इंग्रजी मोटारीच्या उदाहरणावरून सांगत आहोत.

एम.जी.बी.चे उदाहरण

एम.जी.बी. ही स्पोर्ट्स मोटार इंग्लंडमध्ये १९६२ साली बाजारात आली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात ती १९८० पर्यंत तयार होत होती. उघडी आणि पक्क्या टपाची, अशा दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांतील बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. या गाडीचे सुटे भाग आजही नवे तयार होतात. १९८८ पासून तर जुन्याच साच्यांवर तिची संपूर्ण नवी बॉडी काढली जाऊ लागली. त्यामुळे तिचा प्रत्येक ऐब जाणकारांना ठाऊक आहे आणि कोणत्या कामाने भाव चढतो, कोणत्याने उतरतो, हे या गाडीवरून स्पष्ट दिसते.

आधी पत्रा पाहा

जीप किंवा ट्रकप्रमाणे एम.जी.बी.ला वेगळी चेसिस नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो. उघड्या गाडीला वरून टपाचाही आधार नसतो, म्हणून दाराखालच्या लांब पट्ट्या हाच तिचा कणा आहे. इंग्रज कारागीर त्यांना सिल म्हणतात. हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर आत शिरते आणि सिल आतून कुजते. बाहेरच्या पत्र्यामागे आतले थरही असतात, आणि खरे बळ त्यांच्यात असते.

स्वस्त दुरुस्ती करणारा कुजका पत्रा तसाच ठेवून वरून नवा चढवतो, पुटी भरतो आणि रंग मारतो. अशी गाडी दोन पावसाळ्यांत उघडी पडते. ती ओळखण्याचे दोन सोपे उपाय आहेत. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो धरत नाही तेथे पुटी आहे. नंतर गाडी जॅकवर उचलून दार उघडून-लावून पाहावे. दार अडकू लागले किंवा फट कमी-जास्त झाली, तर कणा मोडला आहे असे समजावे.

हे काम करताना दोन्ही बाजूंचा पत्रा एकाच वेळी कापू नये. गाडी सपाट जागेवर नीट टेकवावी, दाराच्या मोकळ्या जागेत आडवी सळई किंवा पाइप तात्पुरता जोडून घ्यावा आणि वेल्डिंग पक्के करण्यापूर्वी दार बसवून फट तपासावी. एवढे न केल्यास बॉडी वाकते आणि नंतर कितीही ठोकले तरी दार लागत नाही. सर्वांत जास्त मजुरी येथे लागते आणि गिऱ्हाइकाला हेच काम सर्वांत कमी दिसते, हे ध्यानात ठेवून सौदा करावा.

बदल तीन प्रकारचे

पहिला प्रकार नट-बोल्टने लावलेल्या आणि पुन्हा काढता येणाऱ्या बदलांचा. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, ऑइल कूलर, किंवा जुन्या चार गिअरऐवजी पाच गिअरचा गिअरबॉक्स ही त्याची उदाहरणे होत. शिशाचे पेट्रोल २००० साली आपल्याकडे आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्येही बंद झाले. त्यामुळे जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवण्याचे कामही सर्रास केले जाते. अशा बदलांनी गाडी चालवण्यास सोयीची होते आणि भाव सहसा पडत नाही. अट एकच : काढलेला मूळ भाग फेकू नये. तो खोक्यात घालून, चिठ्ठी लावून गाडीबरोबरच द्यावा. आज भंगार वाटणारा मूळ कार्ब्युरेटर उद्याच्या गिऱ्हाइकासाठी किमतीचा असतो.

दुसरा प्रकार कापून वेल्डिंग केलेल्या बदलांचा. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ साली एम.जी.बी.ला काळे, जाड रबरी बंपर आले आणि गाडी जमिनीपासून उचलली गेली. वळणावर ती पूर्वीसारखी बसेना. म्हणून अनेक मालकांनी नंतर पुढचा-मागचा पत्रा बदलून जुने क्रोमचे बंपर लावले आणि गाडी खाली घेतली. हे काम सफाईने झाले असेल तर गिऱ्हाईक मिळते. कच्चे झाले असेल तर गाडी धड रबरी बंपरची राहत नाही आणि धड क्रोमचीही होत नाही. अशी गाडी ‘जुने मॉडेल’ म्हणून विकणे ही तर सरळ फसवणूक आहे. चेसिस नंबर पाहणाऱ्या जाणकाराला ती लगेच कळते.

तिसरा प्रकार इंजिन बदलण्याचा. मूळ इंजिन १७९८ सी.सी.चे, चार सिलिंडरचे. कारखान्याने स्वतः १९७३ ते १९७६ या काळात रोव्हरचे ३५२८ सी.सी.चे आठ सिलिंडरचे इंजिन पक्क्या टपाच्या गाडीत बसवले. अशा २,५९१ गाड्या निघाल्या. हे इंजिन ॲल्युमिनियमचे असल्याने आकाराने मोठे असूनही वजनाला मूळ लोखंडी इंजिनाच्या आसपास होते. हे पाहून पुढे अनेक गॅरेजांनी तेच काम केले. पण गॅरेजमध्ये बसवलेले आठ सिलिंडरचे इंजिन म्हणजे कारखान्याची गाडी नव्हे, आणि दोन्हींचा भाव एक नाही. अशी गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकून भुलू नये. वाढलेल्या ताकदीच्या मानाने ब्रेक, रेडिएटर, क्लच आणि मागचा ॲक्सल बदलला आहे काय, हे आधी पाहावे. त्यांतले काहीच झाले नसेल तर अर्धे काम बाकी आहे, असे समजून किंमत सांगावी.

कायद्याची बाजू

इंग्लंडमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते. मात्र गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा. सिलिंडरची संख्या बदलणे हा सहसा मोठा बदल धरला जातो.

आपल्या देशात नियम याहून कडक आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच स्पष्ट केले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यांत बसते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये असून नोंदणी १० वर्षे चालते. नंबरात ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवता येत नाही. ती विकता येते, पण विक्रीची खबर ९० दिवसांत परिवहन खात्याला द्यावी लागते.

यावरून उघड आहे की, मूळ इंजिन भंगारात घालून दुसरे बसवलेली गाडी इकडे केवळ भावालाच नाही, तर नोंदणीलाही मुकू शकते. म्हणून बयाणा देण्यापूर्वी आर.सी. बुक, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. इंग्लंडमध्ये गेडन येथील मोटार संग्रहालय कारखान्याच्या जुन्या वह्यांवरून दाखला देते. गाडी कोणत्या तारखेला, कोणत्या रंगात, कोणत्या इंजिन नंबराने निघाली, हे त्यात असते. असा एक कागद रंगाच्या तीन हातांपेक्षा जास्त भाव देऊन जातो.

हिशोब उलटा मांडा

खरेदीपासून हिशोब सुरू करणारा फसतो. विक्रीपासून मागे यावे. समजा, तयार गाडीला १४ लाख रुपये मिळतील. पत्रा-वेल्डिंग ३ लाख, रंग २ लाख, इंजिन-गिअर दीड लाख, वायरिंग-ब्रेक-टायर १ लाख, सीट-हूड १ लाख, म्हणजे साडेआठ लाख झाले. जागेचे भाडे आणि अचानक निघणारे काम यांसाठी दीड लाख बाजूला ठेवावे. उरले ४ लाख. त्यात गाडीची खरेदी आणि आपला नफा, दोन्ही बसवायचे आहेत. मालक मोडक्या गाडीचेच ४ लाख मागत असेल, तर वर्षभर राबून हाती काहीच येत नाही. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, रीत मात्र हीच. कारागिराने स्वतःची आणि शागिर्दांची मजुरी खर्चात धरलीच पाहिजे. अनेकांचा ‘नफा’ म्हणजे त्यांची न मिळालेली मजुरीच असते.

आमच्या मते, ज्याच्याकडे वर्षभर अडकवण्याइतके स्वतःचे भांडवल नाही, त्याने गाडी विकत घेण्याच्या फंदात पडू नये. मालकाची गाडी मजुरीवर करावी, टप्प्याटप्प्याने पैसे घ्यावेत. भागीदारी करायची तर एकाचे भांडवल, एकाचे हुनर आणि नफ्या-तोट्याचा वाटा, हे सगळे आधी कागदावर लिहून घ्यावे.

विकताना ऐब सांगा

काम सुरू करण्यापूर्वी, पत्रा कापल्यावर आणि रंगाआधी, अशा तीन वेळा फोटो काढून ठेवावेत. सर्व बिले एका फाइलीत लावावीत. कोणता भाग मूळ आहे, कोणता बदलला आहे आणि कोणता अजून करायचा आहे, याची यादी लिहून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. ऐब सांगितल्याने सौदा मोडेल, ही भीती बऱ्याच वेळा खोटी ठरते. या हौसेतली मंडळी एकमेकांना ओळखतात. पुटीखाली लपवलेला एक भोक दहा गिऱ्हाइके तोडतो, आणि खरे सांगून विकलेली एक गाडी पुढची चार कामे दाराशी आणते. हुनर आपल्या हाताला आहेच. त्याला चोख कागदाची आणि खऱ्या जबानाची जोड मिळाली, तर गिऱ्हाईक आपला भाव मान्य करील.