शुल्काच्या आकड्यापलीकडचा खर्च

जॉर्जिया किंवा किर्गिझस्तानात डॉक्टर होण्याचा खर्च पहिल्या वर्षाच्या शुल्कावरून जोखणे धोक्याचे आहे. शुल्क बहुधा डॉलरमध्ये असते. २०१४ साली साधारण ६१ रुपयांचा डॉलर २०२४अखेर ८५च्या वर गेला. विद्यापीठाने छदामही न वाढवता घरचा बोजा वाढतो. शिवाय परदेशी पदवीवर भारतात डॉक्टरकी करण्यासाठीच्या २०२१च्या नियमांनुसार किमान ५४ महिने शिक्षण, तिथे वर्षभर इंटर्नशिप आणि परतल्यावर पुन्हा तेवढीच.

तरीही इथल्या खासगी महाविद्यालयापेक्षा हे स्वस्त, असे पालक म्हणतात. अनेकदा ते खरेही असते. पण परतल्यावरच्या पात्रता परीक्षेत अनेक सत्रांत पाचांतला जेमतेम एक उत्तीर्ण झाला आहे. क्लासची फी, बिनकमाईची वर्षे, कर्जाचे व्याज हे एजंटाने दिलेल्या हिशेबात सहसा दिसत नाही. म्हणून शुल्काआधी त्या विद्यापीठाचा या परीक्षेतला निकाल पाहावा; राष्ट्रीय परीक्षा मंडळाने तो संस्थानिहाय प्रसिद्ध केला आहे.