हिपातिया : एका दुर्मीळ ग्रीक स्त्रीनामाचा अर्थ, उगम आणि प्रसार

प्रस्तावना

व्यक्तिनाम हा भाषेचा लहानसा घटक असला तरी त्यात समाजाचा धर्म, इतिहास, कुटुंबव्यवस्था आणि स्मृती यांचे प्रतिबिंब पडलेले असते. कोणते नाव पिढ्यानपिढ्या चालू राहते आणि कोणते मागे पडते, हे केवळ नावाच्या गोडव्यावर अवलंबून नसते. ते नाव टिकवून धरणारी सामाजिक यंत्रणा अस्तित्वात आहे किंवा नाही, यावर ते अवलंबून असते. नामशास्त्राच्या दृष्टीने ग्रीक भाषेतील 'हिपातिया' हे स्त्रीनाम या विधानाचे उत्तम उदाहरण ठरते. अर्थाने 'सर्वोच्च' असलेले आणि प्राचीन जगातील एका थोर विदुषीमुळे जगभर परिचित झालेले हे नाव प्रत्यक्षात मुलींना मात्र फार क्वचित ठेवले जाते. प्रसिद्धी आणि प्रचलन यांमधील ही तफावत का निर्माण झाली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी प्रथम नावाची व्युत्पत्ती, नंतर त्याची ऐतिहासिक धारक व्यक्ती आणि शेवटी नावाचा प्रसार व संकोच अशा क्रमाने विवेचन केले आहे.

१. उच्चार व व्युत्पत्ती

या नावाचा उच्चार काळानुसार आणि भाषेनुसार बदलत गेला. अभिजात ग्रीकमध्ये आरंभी 'ह' हा महाप्राण ध्वनी होता आणि त्यानंतरचा स्वर 'उ' व 'इ' यांच्या दरम्यानचा होता. पुढे 'ह' लोप पावला, स्वर 'इ'मध्ये मिसळला आणि आधुनिक ग्रीकमध्ये हे नाव 'इपातिया' असे उच्चारले जाऊ लागले. इटालियनमध्ये ते 'इपात्सिया' झाले, तर इंग्रजीत 'हायपेशिया'. मराठीत इंग्रजी उच्चाराच्या आधारे लिहिलेली रूपेही आढळतात. प्रस्तुत लेखात मूळ ग्रीक लेखनाला जवळचे असे 'हिपातिया' हे रूप स्वीकारले आहे.

हे नाव 'हुपातोस' या विशेषणापासून सिद्ध झाले आहे. 'हुपातोस' म्हणजे सर्वांत वरचा, सर्वोच्च. 'हुपातिओस' हे त्याचे पुल्लिंगी व्यक्तिनाम आणि 'हुपातिया' हे स्त्रीलिंगी. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या 'हुपेर' या अव्ययाचा अर्थ 'वर' असा असून संस्कृत 'उपरि' आणि लॅटिन 'सुपेर' हे त्याचेच सजातीय शब्द होत. संस्कृत 'उपरि'पासून प्राकृत 'उवरि' आणि त्यापासून मराठी 'वर' अशी परंपरा लक्षात घेतली, तर दूरदेशीच्या या नावाचे मूळ मराठी भाषकाच्या रोजच्या बोलण्यातील एका शब्दाशी जुळते. अर्थाच्या दृष्टीने मराठीतील 'उत्तमा' हे नाव त्याला सर्वांत जवळचे म्हणता येईल; कारण 'उत्तम' हाही 'उद्' म्हणजे वर या उपसर्गाला तमभाववाचक प्रत्यय लागून झालेला शब्द आहे.

२. शब्दाची सांस्कृतिक व्याप्ती

'हुपातोस' हा शब्द ग्रीक संस्कृतीच्या अनेक क्षेत्रांत वावरत होता. देवराज झ्यूस याचे ते एक विशेषण होते. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर 'झ्यूस हुपातोस' याची वेदी होती. संगीतात 'हुपाते' हे लायर या वाद्याच्या एका तारेचे नाव होते. ही तार स्थानाने सर्वांत वरची, परंतु स्वराने खर्जातील होती. म्हणजे नाव स्वरावरून नव्हे, तर जागेवरून पडले होते. रोमन सत्ता ग्रीक प्रदेशांत पसरल्यानंतर 'कॉन्सल' या सर्वोच्च रोमन अधिकाऱ्यासाठी ग्रीकांनी 'हुपातोस' हाच प्रतिशब्द योजला. अकराव्या शतकात बायझंटाईन दरबारात मिखाएल प्सेलोस या विद्वानाला 'तत्त्वज्ञांचा हुपातोस' अशी पदवी देण्यात आली होती. आधुनिक ग्रीकमध्येही 'उच्चायुक्त' या अर्थाच्या पदनामात हा शब्द जिवंत आहे.

या साऱ्यावरून असे दिसते की, हे नाव सौंदर्य, फूल, रत्न किंवा सुकुमारता सुचविणारे नाही. त्याचा अर्थ पद आणि प्रतिष्ठा यांच्याशी निगडित आहे. स्त्रीनामांत असा अर्थ तुलनेने कमी आढळतो, हे या नावाचे पहिले वैशिष्ट्य होय.

३. नावाला ओळख देणारी विदुषी

या नावाची सर्वांत प्रसिद्ध धारक म्हणजे इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीतील गणितज्ञ व तत्त्वज्ञ हिपातिया. तिचा जन्म इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. तिचा पिता थेऑन हा स्वतः गणितज्ञ व खगोलशास्त्रज्ञ होता. टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट' या ग्रंथावरील आपल्या भाष्याच्या तिसऱ्या भागात त्याने तत्त्वज्ञ कन्या हिपातिया हिच्या संपादनकार्याचा निर्देश केला आहे. डायोफँटसचे अंकगणित आणि अपोलोनियसचे शंकुच्छेद या विषयांवर तिने भाष्ये लिहिल्याची नोंद बायझंटाईन काळातील 'सुदा' या कोशात सापडते.

तिच्या अध्यापनाची साक्ष तिच्या शिष्याच्या पत्रांतून मिळते. पुढे बिशप झालेला सिनेसियस हा तिचा शिष्य. त्याने तिला लिहिलेली सात पत्रे उपलब्ध आहेत. एका पत्रात तो तिला माता, भगिनी आणि गुरू या नात्यांनी संबोधतो, तर दुसऱ्या पत्रात द्रवाची घनता मोजण्याचे उपकरण करवून पाठविण्याची विनंती करतो. पुढे ख्रिस्ती धर्माधिकारी झालेला पुरुष एका बिगरख्रिस्ती स्त्रीला गुरुस्थानी मानतो, ही गोष्ट त्या काळातील बौद्धिक वातावरण समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

इ. स. ४१५ च्या मार्च महिन्यात अलेक्झांड्रियाचा प्रशासक ओरेस्टिस आणि धर्मप्रमुख सिरिल यांच्यातील सत्तासंघर्षात हिपातिया बळी पडली. ती ओरेस्टिसला सिरिलशी समेट करू देत नाही, असा प्रवाद पसरला होता. उन्मत्त जमावाने तिला वाहनातून ओढून एका चर्चमध्ये नेले आणि तिची निर्घृण हत्या केली. तिचा समकालीन असलेल्या सॉक्रेटिस स्कोलास्टिकस या चर्चच्या इतिहासकाराने स्वतः ख्रिस्ती असूनही या कृत्याचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. या हत्येत सिरिलचा प्रत्यक्ष सहभाग कितपत होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु नामेतिहासाच्या दृष्टीने या घटनेचा परिणाम निश्चित होता.

४. नाव मागे का पडले?

ग्रीक समाजात नाव टिकविणाऱ्या दोन प्रमुख यंत्रणा आहेत. पहिली कुटुंबाची. पहिल्या मुलाला पितामहाचे आणि मुलीला आजीचे नाव देण्याची रूढी ग्रीसमध्ये दीर्घकाळ चालत आली आहे. आजी वडिलांकडची की आईकडची, हे प्रदेशानुसार बदलते. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांतही आजी-आजोबांचे नाव नातवंडांना देण्याची चाल असल्याने ही रूढी मराठी वाचकास अपरिचित वाटणार नाही. या पद्धतीत प्रचलित नाव आपोआप पुढे जाते. मात्र एकदा खंडित झालेल्या नावाला परत येण्यास वाट उरत नाही.

दुसरी यंत्रणा चर्चची. ऑर्थोडॉक्स परंपरेत व्यक्तीचा वाढदिवस जितका महत्त्वाचा, तितकाच किंबहुना त्याहून अधिक तिचा 'नामदिन' महत्त्वाचा असतो. ज्या संताचे नाव धारण केले, त्याच्या स्मरणदिनी तो साजरा होतो. त्यामुळे संतांची नावे प्रत्येक पिढीत नव्याने उजळतात. मारिया, एलेनी, कातेरिना ही नावे ग्रीसमध्ये आजही बहुसंख्येने आढळतात, त्यामागे हेच कारण आहे. हिपातिया या नावामागे अशी लोकप्रिय संत-स्त्री उभी नव्हती. उलट, ते एका बिगरख्रिस्ती विदुषीचे आणि चर्चला अडचणीच्या वाटणाऱ्या घटनेचे स्मरण करून देणारे नाव होते.

हे अनुमान पुल्लिंगी रूपाच्या इतिहासाने अधिक दृढ होते. 'हिपातिओस' या नावाचे संत होऊन गेले. त्यांपैकी गांग्राचे संत हिपातिओस यांचा स्मरणदिन ३१ मार्च हा आहे. परिणामी पुल्लिंगी नाव रशियापर्यंत पोहोचले आणि तेथे त्याचे 'इपाती' असे रूप झाले. कोस्त्रोमा येथील इपातिएव मठात १६१३ मध्ये मिखाईल रोमानोव्हने राजपद स्वीकारले आणि त्या राजघराण्याचा अखेरचा सम्राट दुसरा निकोलस याची १९१८ मध्ये येकातेरिनबर्ग येथील इपातिएव नामक गृहस्थाच्या घरात हत्या झाली. एकाच धातूपासून आलेल्या नावाचे पुल्लिंगी रूप राजघराण्याच्या आरंभाशी आणि अंताशी जोडले गेले. स्त्रीलिंगी रूप मात्र जवळजवळ विस्मृतीत गेले.

५. हिपातिया आणि कॅथरिन

याच संदर्भात अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन हिच्या आख्यायिकेचा विचार करणे उद्बोधक ठरते. अलेक्झांड्रियातील एक विदुषी, पन्नास तत्त्वज्ञांना वादात निरुत्तर करते आणि अखेर सत्ताधीशांकडून मारली जाते, असे या कथेचे स्वरूप आहे. येथे विदुषी ख्रिस्ती असून तिला मारणारा बिगरख्रिस्ती सम्राट आहे. हिपातियाच्या चरित्राची ही उलटी प्रतिमा असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. कॅथरिनच्या ऐतिहासिकतेचा पुरावा अपुरा असल्याने कॅथॉलिक चर्चने १९६९ मध्ये तिचा स्मरणदिन सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला आणि २००२ मध्ये तो ऐच्छिक स्वरूपात पुन्हा समाविष्ट केला.

या आख्यायिकेचा प्रवास गोव्यापर्यंत झाला आहे. २५ नोव्हेंबर १५१० या संत कॅथरिनच्या दिवशी आफोंसु द आल्बुकेर्कने गोवा जिंकला, म्हणून जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल तिलाच अर्पण केलेले आहे. ज्या हिपातियाच्या अस्तित्वाविषयी समकालीन पुरावे आहेत, तिचे नाव दुर्मीळ झाले. जिच्या अस्तित्वाविषयी शंका आहे, तिचे नाव खंडोखंडी पसरले. नावाचा प्रसार ऐतिहासिक सत्यावर नव्हे, तर स्मरणाच्या संस्थात्मक व्यवस्थेवर अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

६. पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

अठराव्या शतकात युरोपात हे नाव पुन्हा चर्चेत आले. जॉन टोलंड याने १७२० मध्ये हिपातियाची बाजू घेणारे लेखन प्रसिद्ध केले. त्याला उत्तर म्हणून १७२१ मध्ये थॉमस लुईसने सिरिलचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. चार्ल्स किंग्जलीच्या १८५३ मधील कादंबरीमुळे हे नाव इंग्रजी वाचकवर्गात सर्वपरिचित झाले. ब्रिटिश मुक्तविचारवादी चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी १८५८ मध्ये जन्मलेल्या आपल्या कन्येचे नाव हिपातिया ठेवले. हेच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास उपस्थित होते. त्यांची कन्या हिपातिया ब्रॅडलॉ बॉनर हिने पुढे पित्याचे चरित्र लिहिले आणि मुक्तविचारांच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले. नाव हे येथे वैचारिक भूमिकेचे निदर्शक झाले होते.

खुद्द ग्रीकांमध्ये स्वातंत्र्ययुद्धापूर्वीच प्राचीन नावांकडे ओढा निर्माण झाला होता. आज तुर्कस्तानात असलेल्या किदोनिएस येथील विद्यालयात १८१७ मध्ये विद्यार्थ्यांनी प्राचीन नावे धारण करण्याचा उपक्रम केला. १८१९ मध्ये धर्माध्यक्ष पाचवे ग्रेगरी यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी प्राचीन ग्रीक नावे देण्याच्या या नव्या प्रथेविरुद्ध परिपत्रक काढले. तरीही पिनेलोपी, अस्पासिया, काल्लिओपी अशी नावे समाजात रुजली. होमरची काव्ये आणि अथेन्सचा सुवर्णकाळ शिक्षणाच्या केंद्रस्थानी असल्याने या नावांना आधार मिळाला. हिपातिया मात्र उत्तर-प्राचीन काळातील असल्याने या राष्ट्रीय स्मृतीच्या कडेलाच राहिली. आज ग्रीसमध्ये 'इपातिया' हे नाव आढळते, पण विरळ.

विसाव्या व एकविसाव्या शतकांत या नावाला विज्ञान आणि स्त्रीवाद या क्षेत्रांत नवे स्थान मिळाले. १८८४ मध्ये शोधलेल्या २३८ क्रमांकाच्या लघुग्रहाला तसेच चंद्रावरील एका विवराला हे नाव आहे. स्त्रीवादी तत्त्वज्ञानाला वाहिलेले याच नावाचे नियतकालिक १९८६ पासून स्वतंत्रपणे प्रकाशित होत आहे. आलेहांद्रो आमेनाबार याच्या २००९ मधील 'अगोरा' या चित्रपटाने तिचे चरित्र सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत नेले. कालेय तारकासमूहातील एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचे २०१५ मध्ये 'हिपातिया' असे नामकरण झाले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, हिपातिया हे नाव दुर्मीळ होण्याचे कारण त्याच्या अर्थात किंवा उच्चारात नाही. कुटुंब आणि चर्च या दोन्ही परंपरांनी ते पुढे नेले नाही, म्हणून ते पाळण्यापासून दूर राहिले. आणि ग्रंथकारांनी, वैज्ञानिकांनी व विचारवंतांनी ते जपले, म्हणून ते पूर्णतः नाहीसे झाले नाही. आज ते मुलींच्या नावांपेक्षा लघुग्रह, विवर, ग्रह आणि नियतकालिक यांच्या रूपाने अधिक भेटते. ज्या स्त्रीला ज्ञानामुळे गुरुस्थान मिळाले आणि सत्तासंघर्षात प्राण गमवावे लागले, तिच्या नावाचा हा प्रवास एक गोष्ट अधोरेखित करतो : स्त्रियांच्या बौद्धिक कार्याची स्मृती आपोआप टिकत नाही, ती जाणीवपूर्वक जतन करावी लागते. एखाद्या मुलीला हे नाव देणे, ही अशा जतनाची सर्वांत साधी आणि कदाचित सर्वांत टिकाऊ पद्धत होय.