सांगणारा आणि ऐकणारे

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत एका फुटबॉलपटूविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमची शाळा नववीतच सुटली. पुढचे शिक्षण दिवसा कारखान्याच्या गेटवर आणि रात्री वाचनालयात झाले. तेव्हा मानसशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ज्याचे शरीर हेच भांडवल, ज्याचा करार ठराविक मुदतीचा आणि दुखापत होताच ज्याची किंमत घटते, असा धंदेवाईक खेळाडू आमच्या लेखी कामगारच होय. त्याची मजुरी कोटींत असली म्हणून हे नाते बदलत नाही. अशा एका कामगाराने आपले बालपण जगासमोर उघड केले, तेव्हा लोक काय म्हणाले आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढाच आमचा विषय आहे.

डेले अली हा इंग्लंडातील मिल्टन कीन्स येथे १९९६ साली जन्मलेला खेळाडू. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे सहखेळाडूंनी त्याला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवडले. २०१८ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडनविरुद्ध त्याने गोल केला. त्यानंतर मात्र त्याचा खेळ उतरत गेला. संघ बदलला, देश बदलला, पण पूर्वीचा खेळाडू काही दिसेना. लोकांनी कारण चटकन शोधून काढले : पैसा डोक्यात गेला, पोरगा आळशी झाला.

१३ जुलै २०२३ रोजी गॅरी नेव्हिल या माजी खेळाडूने घेतलेली त्याची मुलाखत प्रसिद्ध झाली. तीत त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे. आई दारूच्या आहारी गेलेली. वयाच्या सहाव्या वर्षी घरी येणाऱ्या, आईच्या परिचयातल्या माणसाकडून लैंगिक अत्याचार. मग शिस्त लागावी म्हणून आफ्रिकेत रवानगी आणि तेथून परत. सातव्या वर्षी सिगारेट, आठव्या वर्षी अमली पदार्थांची ने-आण; सायकलवरच्या लहान मुलाला कोण हटकणार, म्हणून मोठ्यांनी त्याच्या हाती हे काम दिले. तो फुटबॉल घेऊन निघे आणि त्याखाली माल असे. अकराव्या वर्षी शेजारच्या वस्तीतल्या एकाने त्याला पुलावरून खाली लोंबकळत धरले. बाराव्या वर्षी एका कुटुंबाने त्याला आपल्या घरी घेतले आणि तेथून त्याचे बरे दिवस सुरू झाले. परंतु आतला घाव भरला नव्हता. झोपेच्या गोळ्यांचे व्यसन लागले. चोविसाव्या वर्षीच खेळ सोडून द्यावा असे मनात येऊ लागले. शेवटी अमेरिकेतील एका केंद्रात सहा आठवडे उपचार घेऊन तो परतला आणि मग बोलला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तो सर्वस्वी आपल्या इच्छेने बोलला असे नाही. ही बातमी वृत्तपत्रांच्या हाती लागली होती. इतरांनी छापण्यापूर्वी आपणच आपल्या शब्दांत सांगावे, असे त्याला वाटले. म्हणजे माणसाच्या लहानपणाची जखम हीसुद्धा बाजारात विकावयाची वस्तू झाली होती.

मुलाखतीनंतर जो प्रतिसाद आला त्यात तीन सूर होते. पहिला कौतुकाचा. मुलाखत घेणाऱ्याचेच डोळे भरून आले होते. जुने सहकारी, त्याचा संघ, प्रतिस्पर्धी संघांचे चाहते, इतकेच नव्हे तर इंग्लंडचा युवराजदेखील त्याच्या धैर्याची वाखाणणी करून गेला. दुसरा सूर पश्चात्तापाचा. ‘याला आम्ही आळशी म्हणत होतो’ अशी कबुली पुष्कळांनी दिली. तिसरा सूर संशयाचा. इतका पैसा मिळविणाऱ्याला कसले दुःख, इतकी वर्षे का बोलला नाही, हा आपल्या अपयशावर पांघरूण तर घालीत नाही ना, असे म्हणणारेही निघालेच.

‘इतकी वर्षे का बोलला नाही’ हा प्रश्न आपल्याकडेही हमखास विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर पाहू. सहा वर्षांच्या मुलाजवळ घडलेल्या गोष्टीला नावच नसते. करणारा बहुधा परका नसतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला, आणि त्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगेच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. सांगितले तर घर मोडेल, मार बसेल, कोणी खरे मानणार नाही, हे मुलाला न सांगता कळते. मग ते दोष स्वतःकडे घेते. तोंड गप्प राहते, परंतु शरीर गप्प राहत नाही. झोप उडते, लहानशा कारणाने संताप येतो, बंद खोलीची धास्ती बसते, एखाद्या वासाने हातपाय गार पडतात. पुढे नशा हे स्वस्त औषध होते. बाहेरच्या माणसाला हे कारण दिसत नाही. त्याला फक्त गैरहजेरी आणि चिडखोरपणा दिसतो, आणि तो म्हणतो, माणूसच वाईट.

डेलेच्या मुलाखतीतील एका बारीकशा तपशिलाने आम्हांस फार अस्वस्थ केले. त्याचे प्रशिक्षक मोरिन्यो यांनी त्याला सर्वांसमोर आळशी म्हटले होते. तेव्हा संघावर माहितीपट निघत होता. ते वाक्य त्यात आले आणि जगभर गेले. आठवड्याभराने त्याच प्रशिक्षकाने आपला शब्द चुकला म्हणून त्याची माफी मागितली. पण ती दोघांतच, म्हणून ती माहितीपटात नाही आणि कोणाला ठाऊकही नाही. दोष चव्हाट्यावर आणि माफी कोपऱ्यात! कारखान्यात आम्ही हे आयुष्यभर पाहत आलो आहो. आरोपपत्र नोटीस बोर्डावर लागते. आरोप खोटा ठरला तर ‘जाऊ द्या, विसरा’ हे मात्र केबिनमध्ये बोलावून सांगितले जाते.

याच्या उलट उदाहरणही फुटबॉलचेच आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या इंग्रज माजी खेळाडूने, लहानपणी बॅरी बेनेल या प्रशिक्षकाने आपल्यावर अत्याचार केल्याचे स्वतःच्या नावानिशी वृत्तपत्रात सांगितले. एकाने तोंड उघडताच दुसऱ्याला बळ आले. थोड्याच दिवसांत पोलिसांकडे सुमारे ३५० जणांच्या तक्रारी पोहोचल्या. २०१८ साली बेनेलला ३१ वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०२१ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, आणि मुलांच्या रक्षणासाठी जे करावयास हवे होते ते फुटबॉल संघटनेने वेळेवर केले नाही, असा ठपका त्याने ठेवला. संघटनेने जाहीर माफी मागितली. येथे ऐकणे हे टाळ्यांवर थांबले नाही; ते पोलीस ठाण्यापर्यंत, न्यायालयापर्यंत आणि नियमांपर्यंत गेले.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी म्हण आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, तेव्हा ही मूठ प्रथमच इतकी उघडली. कावाखान्यातले बालपण, दारिद्र्य, पदोपदी होणारी मानखंडना, घरातली दारू, काहीच झाकलेले नव्हते. साहित्यिकांनी त्याचे मोठे स्वागत केले. परंतु त्यांच्याच समाजातील काही शिकलेल्या लोकांना राग आला. आपण कष्टाने वर आलो, आता हे जुने उकिरडे कशाला उकरता, असे ते म्हणाले. त्यांच्या रागाची आम्ही चेष्टा करणार नाही. उघड झालेल्या दुःखाचा उपयोग जग दया दाखविण्यासाठी करील की हिणविण्यासाठी, याची खात्री त्यांना नव्हती. ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि जेथून ‘अस्मितादर्श’ निघत असे, त्या आमच्या संभाजीनगराला ही घालमेल परकी नाही.

पुढे मे २०१२ मध्ये मुंबईच्या हरीश अय्यर यांनी ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात, लहानपणी नात्यातल्याच माणसाने केलेला अत्याचार देशासमोर सांगितला. मुलगाही अत्याचाराचा बळी असू शकतो, हे कित्येक घरांत तेव्हा पहिल्यांदा बोलले गेले. त्याच महिन्यात मुलांच्या रक्षणाचा ‘पॉक्सो’ कायदा संसदेत संमत झाला आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. तो मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही.

आता आमची गोष्ट. वाळूजच्या एका कारखान्यात आमच्या युनियनचा एक तरुण सभासद होता. प्रेसवर हात चांगला. परंतु रात्रपाळीला त्याला स्टोअरमध्ये बसविले आणि दार लोटले की तो काम टाकून बाहेर येई. पुढे दांड्या, पुढे दारू, पुढे आरोपपत्र. बोनसच्या वाटाघाटी ऐन भरात होत्या आणि व्यवस्थापन त्याचेच उदाहरण आमच्या तोंडावर फेकीत होते. तेव्हा गेट मीटिंगमध्ये, सुमारे चारशे माणसांसमोर, आम्ही त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालो, “अशा कामचुकारासाठी युनियनने कुठवर भांडायचे?” लोक हसले. महिन्याभरात त्याने राजीनामा दिला.

बऱ्याच वर्षांनी तो घरी आला. शिक्षणासाठी नातेवाइकाकडे राहत असताना, त्याच घरच्या गोदामात दार लावून त्याच्यावर काय गुजरले, ते त्याने खाली मान घालून सांगितले. आम्ही हात जोडले, माफी मागितली. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, बोललात ते चारशे माणसांपुढे. माफी मात्र चहाच्या कपाआड मागताय.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याचे नाव न घेता ही गोष्ट सांगण्याची परवानगी आम्ही त्याच्याकडून घेतली आहे. त्या गेटवर आम्ही जे बोललो ते चूक होते. तो कामचुकार नव्हता. हे आम्ही येथे, जितक्यांनी तेव्हा ऐकले त्याहून अधिक लोकांसमोर सांगत आहो.

मग ऐकणाऱ्याने करावे काय? कोणी सांगू लागले तर ‘तेव्हाच का नाही सांगितले’ हे विचारू नये. तपशील खोदून काढू नयेत. तो सांगेल तेवढेच पुरे. ‘यात तुझा दोष नाही’ हे वाक्य मात्र स्पष्ट उच्चारावे. सांगितलेले त्याच्या संमतीवाचून पुढे नेऊ नये. परंतु सांगणारे अठरा वर्षांच्या आतील मूल असेल तर गप्प राहण्याची मुभा कोणालाच नाही. पॉक्सोच्या १९ व्या कलमान्वये पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि न कळविणे हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. अशा मुलाची ओळख छापण्यासही त्याच कायद्याने बंदी आहे. कारखान्यात आणि कचेरीत आमची मागणी एवढीच आहे की, चांगला कामगार एकाएकी बिघडला तर आरोपपत्राआधी कोणीतरी त्याला शांतपणे विचारावे, आणि उपचाराच्या रजेमुळे त्याची भाकरी जाऊ नये.

बोलून टाकले की माणूस लगेच बरा होतो, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. डेले अली २०२५ साली इटलीतील कोमो संघातून मैदानात परतला. मिलानविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर सुमारे दहा मिनिटांतच त्याला बाहेर काढण्यात आले, आणि त्याच वर्षी तो करारही संपला. जे दोन वर्षांपूर्वी त्याच्यासाठी रडले होते त्यांतले काही पुन्हा हसले. दुःख सांगितल्याबद्दल माणसाने आम्हांस विजयाची परतफेड करावी, असा छुपा करार आपण त्याच्याशी केलेला असतो. तो करार रद्द केला पाहिजे.

आमखास मैदानावर संध्याकाळी फुटबॉल खेळणारी पोरे आपण पाहतो. त्यांच्यातला एखादा एकाएकी खेळायला यायचा थांबेल, एखादा विनाकारण मारामारी करील. त्याला आळशी किंवा वाईट म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि चारचौघांत म्हणून गेलोच असू, तर माफीही चारचौघांतच मागावी.