माळावरच्या मुंग्या

पावसाळा सरला कीं ठाण्याला येऊरच्या रानालगत किंवा कल्याणपलीकडे मलंगगडाच्या पायथ्याशीं गवताळ माळ नजरेस पडतात. त्यांना आपण 'पडीक' म्हणून मोकळे होतों. आज त्या पडीक जागेंतील रहिवाशांची, म्हणजे मुंग्यांची, ओळख करून घेऊं.

मुंगी ओळखतांना रंगावर विसंबूं नये. काळ्या आणि तांबड्या मुंग्यांच्या अनेक जाती आहेत. प्रथम साध्या भिंगानें कंबर पाहावी. तेथें एक गांठ असते किंवा दोन. मोठ्या काळ्या डोंगळ्याला एकच गांठ असते. त्याला नांगी नसते. तो जबड्यानें चावतो व आम्ल सोडतो. तो झुडपावर माव्याजवळ घुटमळत असेल, तर माव्याच्या अंगांतून निघणारा गोड रस तो पीत आहे असें समजावें. गवताचे दाणे वेंचणाऱ्या मुंग्यांना दोन गांठी असतात. त्यांच्या कांहीं जातींत लहान डोक्याच्या कामकरी व मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या एकाच बिळांत राहतात; त्या दोन निराळ्या जाती मानूं नयेत.

नंतर बिळाचें तोंड पाहावें. भोंवतीं टरफलांचें कडें पडलेलें असेल, तर आंत धान्याचें कोठार आहे हें निश्चित. मुंबई सैन्यांतील कर्नल साइक्स यांना पुण्यास कवायतीच्या मैदानाजवळ, पडीक जमिनीवरच, गवताच्या बियांचे लहान लहान ढीग आढळले. पावसानें भिजलेला सांठा मुंग्यांनीं वाळवणासाठीं बाहेर काढला होता! १८३५ सालीं त्यांनीं या जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें व तिला 'प्रॉव्हिडेन्स', म्हणजे पुढची तरतूद करणारी, असें नांव दिलें.

सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीस निरुपयोगी जमीन 'पोटखराबा' म्हणून नोंदतात. परंतु अशाच जमिनीच्या पोटांत हीं कोठारें असतात. मुंग्यांच्या उकरण्यानें माती भुसभुशीत होते, आणि वाटेंत सांडलेले दाणे दुसरीकडे रुजतात. माळावर इमारत उठली कीं हा सारा व्यवहार बंद पडतो, आणि त्याची दाद कोणी मागत नाहीं.

तेव्हां एखाद्या सकाळीं मुलांना घेऊन माळावर जा. बीळ उकरूं नका. तोंडापासून हातभर अंतरावर वरीचे दहा दाणे ठेवा, घड्याळ लावून बसा, आणि पहिला दाणा आंत जाण्यास किती वेळ लागला तें वहींत टिपून ठेवा. पुढच्या महिन्यांत त्याच बिळाशीं पुन्हा जा.