ओळख मूळ संख्यांची (भाग ४) : भाग न देता पारख

मीरा रोड पूर्वेच्या सिल्व्हर पार्कमध्ये येणाऱ्या पत्रावर ४०११०७ हा पिन कोड असतो. ही संख्या मूळ आहे का? शेवटी ७, अंकांची बेरीज १३, म्हणजे २, ३, ५ बाद. मूळ असावी असंच वाटतं. पण ७ ने भाग जातो : ७ × ५७३०१. ही ५७३०१ मात्र खरोखर मूळ आहे. ते ठरवायला २३९ पर्यंतच्या ५२ मूळ संख्यांनी भागून पाहणं पुरतं, कारण २४० चा वर्ग ५७६००, म्हणजे आपल्या संख्येच्या पुढे गेला. दोन अवयव असतील तर त्यांतला एक तरी २४० हून लहान असणारच.

पाच अंकांना ही रीत ठीक आहे. पण संदेश गुप्त ठेवणाऱ्या २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीसाठी साधारण ३०८ अंकी दोन मूळ संख्या लागतात. तिथे एकेका संख्येने भागत बसलो तर विश्वाचं वयही अपुरं पडेल. म्हणून अवयव शोधायचेच नाहीत; मूळ संख्येतच असणारा एखादा गुण तपासायचा. मला या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना हीच वाटते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली मूळ संख्या पाहा : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, उणे १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तरी तिचा शेवटचा अंक आपल्याला तोंडी सांगता येतो. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. घातांकाला ४ ने भागलं की १ उरतो, म्हणून तो घात २ वर संपतो आणि आपली संख्या १ वर. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर नुसते १ च १.

अशा, म्हणजे मर्सेन, संख्यांसाठी लुकास-लेमर कसोटी आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, जिची परीक्षा चालली आहे त्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. ३१ म्हणजे २ चा पाचवा घात उणे १, म्हणून पायऱ्या तीन : १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. ३१ मूळ. ड्युरंट यांच्या संख्येवरही हीच कसोटी चालवली गेली, फक्त पायऱ्या साडेतेरा कोटींहून जास्त.

घातांक मूळ असणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, पण २ चा अकरावा घात उणे १ म्हणजे २०४७ = २३ × ८९.

पुढच्या आठवड्यापर्यंत १२७ साठी ही कसोटी वहीत करून पाहा. पाच पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीवर १११ आले तर तुमचं गणित बरोबर चाललं आहे.