फिल्टर वाचवाल, तर इंजिन गमवाल

करकंबहून पंढरपूर-टेंभुर्णीच्या बाजाराला माल नेण्यासाठी आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी आजही उपयोगी पडते. दोन्ही गाड्यांचे ७९६ सीसी, तीन सिलिंडरचे इंजिन साधे व काटक आहे. मात्र ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये, तर ओम्नीचे २०१९ मध्ये बंद झाले. म्हणून हाताशी आहे तेच इंजिन जपणे भाग आहे.

बरेच जण ऑईल बदलतात, पण चार पैसे वाचावेत म्हणून फिल्टर जुनाच ठेवतात. ही काटकसर महागात पडते. फिल्टरमधील घडीचा कागद ऑईलमधील काजळी व धातूचा कीस अडवतो. तो चोंदला तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून आतील बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल न गाळताच बेअरिंगपर्यंत जाते. गाडी चालूच राहते, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. झीज मात्र होत राहते. शेवटी इंजिनचे काम निघते, गाडी गॅरेजला लागते आणि धंदा बसतो.

धुळीच्या रस्त्यावर, भार घेऊन चालणाऱ्या जुन्या गाडीचे ऑईल व फिल्टर दर ५००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, यांतील जे आधी येईल तेव्हा, बदलावे असे आम्ही सुचवतो.

काम असे करावे. गाडी सपाट जागी लावून इंजिन थोडे कोमट करावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नये. ऑईल काढून जुना फिल्टर फिरवून सोडवावा. त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे जरूर पाहावे. रिंगवर रिंग बसली की ऑईल गळते. नव्या रिंगला ताज्या ऑईलचे बोट फिरवावे. रिंग टेकल्यावर फिल्टर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळावा, पान्याने नव्हे. ऑईल भरून गाडी चालू करावी. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन लगेच बंद करावे. गळती पाहावी आणि पाच मिनिटांनी डिपस्टिक तपासावी.

फिल्टर ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊनच आणावा. जळके ऑईल गटारात वा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून अधिकृत खरेदीदाराकडे पोचवावे.