‘सेपियन्स’ व्हाया मिरची

आमच्या ऑफिसात युवाल नोआ हरारीचं ‘सेपियन्स’ ज्याच्या-त्याच्या बॅगेत. मूळ हिब्रूत २०११ साली, इंग्रजीत २०१४ला आलेलं. ‘माइंडब्लोइंग, यार!’ हे कॉमन मत. पूर्ण किती जणांनी वाचलंय, ते विचारू नका. शेती हा इतिहासातला सगळ्यात मोठा फ्रॉड, गव्हानंच माणसाला पाळलं, हा मुद्दा कॅन्टीनमध्ये सुपरहिट.

मे महिन्यात मराठी अनुवाद घेऊन पिंपळगाव रेणुकाईला मामांकडे गेले. गाव मिरचीचं. मामांनी ते पान दोनदा वाचलं.

‘‘खरंय की. रात्री दोनला लाइट येते, मिरचीसाठी मी उठतो. पण मग सोडायचं कसं, ते लिहिलंय का?’’

खाणारी तोंडं वाढली, परतीची वाट बंद झाली, असं हरारी म्हणतो. मी वाचून दाखवलं.

‘‘हे बरोबर लिहिलं बघ त्यानं,’’ मामा म्हणाले आणि पुस्तक ठेवून घेतलं.